घर विकलं, पण सोसायटीतून बाहेर पडलात का?

आमच्या सोसायटीत मी अकरा वर्षं मानद सचिव होतो. त्या काळात सर्वांत जास्त वेळा हातात आलेला कागद म्हणजे शेअर सर्टिफिकेट. जाडसर पिवळट कागद, कडेनं वेलबुट्टी, वर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, मध्ये ‘प्रत्येकी रुपये ५० चे ५ भाग’, आणि खाली अध्यक्ष, सचिव व एका समिती सदस्याची सही. कुणी तो समोर ठेवला की मी आधी उलटा करायचो. मागच्या बाजूला रकाने असतात : हस्तांतराची तारीख, कुणाकडून, कुणाकडे, सभासद नोंदवहीतला क्रमांक, सह्या. घर खरोखर कुणाच्या नावावर चाललंय ते तिथे कळतं.

एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एका पिशवीत सगळे कागद घेऊन आल्या. काकांना जाऊन दोन महिने झाले होते. “भाऊ, एवढं माझ्या नावावर करून द्या,” म्हणाल्या. मी सर्टिफिकेट उलटलं. मागची बाजू कोरी होती. पुन्हा पुढे पाहिलं तर तिथेही काकांचं नाव नव्हतं. बिल्डरकडून ज्यांनी पहिल्यांदा फ्लॅट घेतला, त्या गृहस्थांचं नाव होतं. काकांनी त्यांच्याकडून १९९८ साली फ्लॅट विकत घेतला. करारनामा नोंदवलेला, मुद्रांक शुल्क भरलेलं, पैसे चुकते केलेले, पावत्या जपून ठेवलेल्या. सोसायटीत मात्र अर्जच दिला नव्हता. मेंटेनन्सचं बिल वीस वर्षांहून जास्त काळ जुन्या माणसाच्या नावानं येत होतं आणि काका ते दर महिन्याला भरत होते. “नाव काय, फ्लॅट नंबर बरोबर आहे ना,” असं ते म्हणायचे, हे काकूंनीच सांगितलं.

काकूंचं काम पुढे झालं, पण त्याला सात महिने लागले. वेळेवर केलं असतं तर ते दोन-तीन महिन्यांचं काम होतं. म्हणून हा लेख. सहकारी संस्थेतून बाहेर पडताना आणि आपले भाग दुसऱ्याच्या नावावर करताना नक्की काय काय हलतं, हे एकदा नीट समजून घेऊ. उदाहरण मुख्यतः महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थेचं घेतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा सहकाराशी संबंध तिथेच येतो.

तीन गोष्टी, तीन ठिकाणं

आपण “फ्लॅट विकला” म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तीन गोष्टी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायच्या असतात. पहिली गोष्ट घर. त्याचा करारनामा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवला जातो आणि इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा उतारा, हातात येतो. दुसरी गोष्ट भाग, म्हणजे शेअर. त्याची नोंद सर्टिफिकेटच्या मागे होते. तिसरी गोष्ट सभासदत्व. त्याचा निर्णय सोसायटीची व्यवस्थापक समिती घेते आणि नोंद सभासदांच्या नोंदवहीत होते. हिलाच ‘आय’ नमुना म्हणतात. सभासदांची यादी असते ती ‘जे’ नमुन्यात.

लोक पहिली गोष्ट जिवापाड सांभाळतात, कारण तिथे लाखो रुपये गुंतलेले असतात. उरलेल्या दोन राहून जातात, कारण सर्टिफिकेटवर आकडा दिसतो अडीचशे किंवा पाचशे रुपयांचा. इथेच गफलत होते. कंपनीचा शेअर बाजारात विकता येतो, त्याचा भाव वर-खाली होतो, आणि ज्याच्याकडे जास्त शेअर त्याची मतं जास्त. सहकारात तसं नाही. पन्नासचा भाग पन्नासचाच राहतो. मत माणसाला असतं, पैशाला नसतं : एक सभासद, एक मत. म्हणजे इथला भाग ही गुंतवणूक कमी आणि ‘मी या संस्थेतला एक आहे’ याची खूण जास्त. त्या खुणेवरच तुमचा घर वापरण्याचा हक्क, सर्वसाधारण सभेतलं मत, निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क आणि उद्या इमारत पाडून नवी बांधायची ठरली तर त्या ठरावातला तुमचा आवाज उभा असतो.

याचं मूळ जुनं आहे. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी गृहनिर्माण संस्था नोंदवली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्यामागचे कर्ते. या चळवळीचा पाया असा होता की जमीन आणि इमारत संस्थेची, राहण्याचा हक्क सभासदाचा. आजही कन्व्हेयन्स झालेल्या, म्हणजे जमीन-इमारत रीतसर आपल्या नावे करून घेतलेल्या, सोसायटीच्या मालमत्ता पत्रकावर नाव असतं ते संस्थेचं. तुमचा फ्लॅट त्या संस्थेशी बांधलेला असतो तो सभासदत्वाच्या धाग्यानं. म्हणून सभासदत्वाचा राजीनामा द्यायचा आणि फ्लॅट मात्र ठेवायचा, असं इथे जमत नाही. आणि म्हणूनच करारनामा झाला तरी समितीनं सभासद करून घेईपर्यंत सोसायटीच्या दृष्टीनं जुनाच माणूस सभासद असतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यात हे अगदी थेट लिहिलं आहे : सोसायटीची देणी चुकती झाल्याशिवाय आणि घेणाऱ्यानं अर्ज करून सभासदत्व मिळवल्याशिवाय हस्तांतर परिणामकारक ठरत नाही. वारस आणि नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) यांच्याकडे जाणाऱ्या हक्काला एवढा अपवाद.

विक्री करताना क्रम कसा असतो

विकणाऱ्यानं सोसायटीला १५ दिवसांची लेखी सूचना द्यायची की मी माझे भाग आणि फ्लॅटमधले हितसंबंध अमक्यांना देणार आहे. सोबत घेणाऱ्याचं संमतिपत्र. ही सूचना व्यवहाराच्या आधी द्यायची असते. पुष्कळदा ती करारनाम्यानंतर, बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात घालून दिली जाते. त्यानंतर खरा अर्ज. विकणाऱ्याचा एक, घेणाऱ्याचा सभासदत्वासाठी एक, नोंदवलेल्या करारनाम्याची प्रत, मूळ शेअर सर्टिफिकेट, विकणाऱ्याचा राजीनामा, घेणाऱ्याची हमीपत्रं, आणि सगळी थकबाकी भरल्याची पावती. या सगळ्यांचे नमुने आदर्श उपविधींच्या, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांच्या, शेवटी परिशिष्टांत छापलेले असतात. उपविधींचं पुस्तक सोसायटीच्या कार्यालयात मिळतं. ते विकत घ्या, घरात असू द्या.

गृहकर्ज असेल तर मूळ सर्टिफिकेट बँकेकडे असतं आणि सोसायटीच्या दप्तरी बँकेच्या बोजाची नोंद असते. कर्ज फेडल्यावर बँकेचं पत्र आणून ती नोंद उतरवून घ्यावी लागते. हे काम कर्ज संपलं त्याच महिन्यात करा. दहा वर्षांनी फ्लॅट विकताना ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते, शाखा हललेली असते, आणि एका पत्रासाठी चार चकरा होतात.

जमीन सिडकोची, म्हाडाची किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेली असेल तर त्यांची परवानगी आणि त्यांचं वेगळं शुल्क लागतं. ते सोसायटीच्या हातात नसतं. नवी मुंबईत तर पहिला प्रश्न हाच विचारायचा.

आता एनओसीबद्दल, कारण सर्वांत जास्त गैरसमज याच कागदाचा आहे. आदर्श उपविधी स्पष्ट म्हणतात की भाग आणि हितसंबंध हस्तांतरित करायला सोसायटीच्या ना हरकत प्रमाणपत्राची गरज नाही. विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला ते हवं असेल, उदाहरणार्थ बँकेनं मागितलं, तर त्यानं अर्ज करावा आणि समितीनं महिन्याभरात त्यावर विचार करावा. म्हणजे एनओसी ही सभासदाच्या सोयीची गोष्ट आहे. कमिटीनं “एनओसीशिवाय विकायचं नाही” असं फलकावर लिहिलं, तरी त्यामुळे तो नियम होत नाही.

पैशाचा हिशेब

इथे मी जरा थांबून सांगतो, कारण माणसं इथेच नाडली जातात.

हस्तांतर शुल्क ५०० रुपये. नव्या सभासदाची प्रवेश फी १०० रुपये. आणि तिसरी रक्कम म्हणजे हस्तांतर अधिमूल्य, ज्याला आपण ट्रान्सफर प्रीमियम म्हणतो. त्याचा दर सर्वसाधारण सभा ठरवते, पण कमाल मर्यादा सरकारनं ९ ऑगस्ट २००१ च्या आदेशानं घालून दिली आहे : महानगरपालिका आणि प्राधिकरण क्षेत्रात २५,००० रुपये, ‘अ’ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ‘ब’ वर्गात १५,०००, ‘क’ वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,०००. फ्लॅट चाळीस लाखांचा असो की चार कोटींचा, मर्यादा तीच. सभासदाच्या कुटुंबातल्या व्यक्तीकडे, नामनिर्देशिताकडे किंवा वारसाकडे हस्तांतर होत असेल, किंवा दोन सभासद आपसात फ्लॅट बदलत असतील, तर अधिमूल्य लागत नाही.

याच्यावर देणगी, विकास निधी, लिफ्ट निधी, मंदिर निधी अशा कुठल्याही नावानं हस्तांतराच्या बदल्यात पैसे मागता येत नाहीत. माझ्या मावसभावाकडे एका सोसायटीनं दीड लाख मागितले होते. वर “स्वखुशीनं देत आहे” असं पत्र त्याच्याकडूनच लिहून मागितलं. बँकेचा हप्ता सुरू झालेला, भाड्याचं घर सोडण्याची तारीख जवळ आलेली, लहान मूल पदरात. अशा वेळी माणूस काय करणार? त्यानं पत्र लिहून दिलं. मी तेव्हा सचिव नव्हतो, मला हे नियम ठाऊक नव्हते, आणि त्याला “देऊन टाक” असंच मी सांगितलं. आज ते आठवलं की वाईट वाटतं. कुणी असे पैसे मागितले तर मागणी लेखी द्यायला सांगा. माझा अनुभव असा की लेखी मागितलं की बहुतेक मागण्या तिथेच थांबतात. आणि जे काही द्याल ते चेकनं द्या, पावतीवर कशाचे पैसे ते लिहून घ्या.

उलट बाजूही सांगायला हवी. थकबाकी ठेवून, “नवा माणूस भरेल” म्हणून निघून जाणारे सभासद मी पाहिले आहेत. ते पैसे शेजाऱ्यांचे असतात. पाणी, वीज, वॉचमनचा पगार बाकीच्यांनी भागवलेला असतो. सोसायटीनं हस्तांतर थकबाकीसाठी अडवलं तर ती अडवणूक नाही, तो तिचा हक्क आहे. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडात (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत) तुम्ही भरलेली रक्कम मात्र परत मागायची नसते. तिच्यातला तुमचा हितसंबंध घराबरोबर नव्या सभासदाकडे जातो. विक्रीची किंमत ठरवतानाच ते धरून चाला.

कमिटी गप्प बसली तर

अर्ज पूर्ण दिला, पैसे भरले आणि पुढे शांतता. असं होतं. कधी कमिटीत दोन तट असतात, कधी सचिव गावाला गेलेले असतात, कधी घेणाऱ्याचं आडनाव कुणाला रुचत नाही. या शेवटच्या कारणाबद्दल कायदा निःसंदिग्ध आहे : पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारायचंच असेल तर कारणासह लेखी कळवावं लागतं. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदाराला सभासद करून घेतलं असं कायदा मानतो. याला ‘मानीव सभासदत्व’ म्हणतात. नकार आला तर दोन महिन्यांच्या आत सहकार खात्याच्या निबंधकाकडे अपील करता येतं; शहरात म्हणजे आपल्या विभागाच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात.

या सगळ्याचा पाया एकच : अर्ज पोहोचल्याची तारीख तुमच्याकडे हवी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. तीन महिने मोजायचे ते त्या तारखेपासून.

सभासद गेला, आता?

काकूंकडे परत येतो. त्यांच्या पिशवीत काकांचं एक साधं पत्र होतं, “माझ्यानंतर सर्व पत्नीला”. ते सोसायटीत दिलेलं नामनिर्देशन नव्हतं. मुळात काका सभासदच नव्हते, तर नामनिर्देशन कुठून येणार? पण समजा असतं, तरी काय झालं असतं?

नामनिर्देशित, म्हणजे नॉमिनी, हा मालक नसतो. हे वाक्य मी सोसायटीच्या सभेत किमान वीस वेळा म्हटलं असेल. नॉमिनी हा सोसायटीला ठाऊक असलेला, जबाबदारी घेणारा माणूस. आई गेली, तिनं थोरल्या मुलाचं नाव दिलेलं होतं, म्हणून धाकट्याचा आणि बहिणीचा हक्क बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८३ साली विम्याच्या एका प्रकरणात हे तत्त्व सांगितलं. पुढे २०१६ साली पश्चिम बंगालमधल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात न्यायालयानं म्हटलं की नामनिर्देशन झालेलं असेल तर संस्थेनं त्याप्रमाणे भाग नॉमिनीच्या नावे करावेत, पण वारसांना आपला हक्क सिद्ध करण्याची वाट मोकळी आहे. या निकालाची अर्धीच ओळ पुष्कळांच्या कानावर गेली आणि “नॉमिनीच मालक” असा समज पक्का झाला. त्यावरून भावाभावांत अबोला धरल्याचं मी पाहिलं आहे.

महाराष्ट्रात २०१९ च्या दुरुस्तीनं हा घोळ बराचसा मिटवला. नॉमिनीला आता ‘तात्पुरता सभासद’ करून घेतात, खरे वारस किंवा इच्छापत्राप्रमाणे हक्कदार ठरेपर्यंत. कायम नोंद होते ती इच्छापत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, कायदेशीर वारस प्रमाणपत्र किंवा सगळ्या हक्कदारांनी मिळून केलेला कुटुंबव्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे. नामनिर्देशनच नसेल तर सोसायटी जाहीर सूचना काढते, वर्तमानपत्रांत देते, हरकती मागवते आणि मग पुढे जाते. त्या सूचनेचा खर्च मयत सभासदाच्या खात्यातून वसूल होतो.

मग नामनिर्देशनाचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग मोठा आहे. दुःखाच्या त्या पहिल्या महिन्यांत घराचं बिल कुणाच्या नावानं निघेल, सभेला कोण येईल, नोटीस कुणाला द्यायची, हे त्यानं लगेच सुटतं. पण घर कुणाला द्यायचं हे सांगायचं असेल तर इच्छापत्र करा. दोन्ही करा, आणि दोन्हींत एकच नाव असू द्या.

वारस कोण, याबद्दलही एक गोष्ट नेहमी विसरली जाते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे इच्छापत्र न करता पुरुष गेला तर पहिल्या वर्गातल्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली यांच्या बरोबरीनं त्याची आई असते. लग्न झालेल्या मुलीही असतात. वडील त्या वर्गात नाहीत. (बाई सभासद असेल तर क्रम निराळा, आणि मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबांत त्यांचा त्यांचा वारसा कायदा लागतो.) काकूंच्या घरी वारस म्हणून त्या स्वतः, मुलगा, मुलगी एवढेच अर्जावर लिहिलेले होते. मी विचारलं, “काकू, तुमच्या सासूबाई?” त्या क्षणभर गप्प झाल्या. सासूबाई साताऱ्याजवळच्या गावी होत्या, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचा या फ्लॅटमध्ये हक्क आहे हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं, खुद्द त्यांच्याही.

मुलगा, मुलगी आणि आजी या तिघांनी काकूंच्या नावे हक्कसोडपत्र करायचं ठरवलं. ते नोंदवावं लागतं. साध्या कागदावरची संमती चालत नाही. आजींना गाडीतून आणलं. दस्त नोंदणीच्या दुय्यम निबंधक कार्यालयातल्या यंत्रावर आजींचा अंगठा उमटेना. जन्मभर शेतात राबलेला हात, बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या. तिथल्या कारकून ताईंनी ओला रुमाल दिला, दहाही बोटं एकेक करून लावून पाहिली, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. आजींनी आधी विचारून घेतलं होतं, “यानं सुनेचं घर पक्कं होतंय ना?” तेवढंच त्यांना कळायला हवं होतं.

त्याआधी जुन्या मालकाचा प्रश्न सोडवावा लागला. ते गृहस्थही वारले होते. पत्ता शोधून त्यांच्या मुलाला गाठलं. त्यानं वडिलांनी १९९८ साली फ्लॅट विकल्याचं आणि आपली हरकत नसल्याचं लिहून दिलं. तो भला होता. “घर अजून आमच्या नावावर आहे का? मग बोलू,” असं तो म्हणाला असता तर प्रकरण सहकार न्यायालयात गेलं असतं. नोंदवलेला करारनामा, पूर्ण मुद्रांक, पैसे दिल्याच्या पावत्या, वीस वर्षांची मेंटेनन्सची बिलं, नुकसानभरपाई बंधपत्र, दोन वर्तमानपत्रांतली जाहीर सूचना, एवढ्या सामग्रीवर समितीनं ठराव केला.

हयातीतच मुलांच्या नावावर करायचं असेल तर बक्षीसपत्राची वाट आहे. राहतं घर पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार असेल तर तो वेगळा. स्वस्त आहे म्हणून घाई करू नका. बक्षीस दिलेलं घर सहजी परत मागता येत नाही. आपल्या नावावर घर असताना म्हातारपणी जो आधार वाटतो त्याची किंमत मोठी आहे.

पतसंस्था आणि साखर कारखाना

बाकीच्या सहकारी संस्थांतून बाहेर पडणं वेगळं असतं, कारण तिथे घर गुंतलेलं नसतं.

पगारदारांच्या पतसंस्थेत निवृत्त होताना राजीनामा देतात आणि भागांची रक्कम परत मिळते, दर्शनी किमतीनं. आधी संस्थेचं स्वतःचं घेणं वळतं होतं. सभासदाच्या भागांवर संस्थेचा पहिला बोजा असतो. तरीही पैसे लगेच मिळत नाहीत अशी तक्रार असते. त्याची दोन कारणं. एक म्हणजे जामीनकी. तुम्ही एखाद्या सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन असाल आणि ते कर्ज फिटलेलं नसेल, तर बहुतेक पतसंस्थांच्या उपविधींत राजीनामा मंजूर होत नाही. दुसरा जामीनदार द्यावा लागतो. चहाच्या टपरीवर “जरा सही दे रे” म्हणून केलेली सही निवृत्तीच्या दिवशी समोर येते. दुसरं कारण कायद्यातलं आहे. संस्थेनं एका आर्थिक वर्षात परत करायचं भागभांडवल मागच्या वर्षअखेरच्या वसूल भांडवलाच्या १० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. सगळे एकदम बाहेर पडले तर ठेवीदारांना संरक्षण राहणार नाही, म्हणून ही मर्यादा. तुमचा अर्ज पुढच्या वर्षावर गेला तर त्यामागे हे असू शकतं.

आणखी एक. बाहेर पडलात त्या तारखेला संस्थेवर जी देणी होती, त्यांची जबाबदारी पुढची दोन वर्षं माजी सभासदावर राहते. मर्यादित जबाबदारीच्या संस्थेत ती भागांच्या रकमेपुरती असते, तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र आणि त्यावरची तारीख जपून ठेवा.

साखर कारखान्यात भाग विकून मोकळं होणारे शेतकरी थोडे. त्या भागाबरोबर ऊस घालण्याचा हक्क येतो, सभासदाची साखर येते, निवडणुकीतलं मत येतं. तिथला नेहमीचा प्रश्न वारसनोंदीचा. वडील जाऊन पंधरा वर्षं झाली तरी भाग त्यांच्याच नावानं, आणि निवडणुकीची मतदार यादी लागली की सगळ्यांना आठवण. भाग दुसऱ्याला द्यायचा झाला तर तो किमान वर्षभर आपल्याकडे असावा लागतो, आणि घेणारा आधीपासून सभासद किंवा सभासद होण्यास पात्र असावा लागतो. म्हणजे कार्यक्षेत्रातला ऊस उत्पादक. सातबारावर नाव लावायला तलाठ्याकडे जाल त्याच आठवड्यात कारखान्याच्या शेअर विभागातही जाऊन या. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद हाताशी असतातच.

निघताना आणि आल्यावर

फ्लॅट विकून जाणाऱ्यानं शेवटी दोन कागद मागून घ्यावेत : आपलं नाव कमी झाल्याचं समितीचं पत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला. नाहीतर पुढे नव्या मालकानं बिलं थकवली आणि दप्तरी नाव तुमचंच राहिलं असेल तर वसुलीची नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. घेणाऱ्यानं सर्टिफिकेट हातात आल्यावर मागची नोंद स्वतः वाचावी. नावाचं स्पेलिंग, फ्लॅट क्रमांक, भागांचे अनुक्रमांक, तिन्ही सह्या, संस्थेचा शिक्का. दोघांच्या नावावर घर असेल तर पहिलं नाव कुणाचं ते पाहावं, कारण मत देण्याचा हक्क आधी त्याचा असतो. सर्टिफिकेट हरवलंच असेल तर पोलिसांत नोंद, जाहीर सूचना आणि बंधपत्र देऊन दुय्यम प्रत मिळते. त्याला वेळ लागतो, म्हणून विक्रीची बोलणी सुरू करण्यापूर्वीच कपाट उघडून ते आहे ना बघावं.

काकूंच्या सर्टिफिकेटच्या मागे पहिल्या रकान्यात मी तारीख घातली आणि नाव लिहिलं. अध्यक्षांनी सही केली, खजिनदारांनी केली, मी केली, शिक्का मारला. काकूंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि तिथेच नामनिर्देशनाचा फॉर्म मागितला. तीन प्रती भरल्या, दोन्ही मुलांची नावं, प्रत्येकी पन्नास टक्के. एक प्रत शिक्का मारून परत घेतली आणि त्याच पिशवीत, सर्टिफिकेटच्या पाठीमागे ठेवली.